दुसरा अबोला

चंपतरावांनी एकदम दोन्ही कानांवर तळवे दाबले, तेव्हा रुपरावला वाटलं त्यांना घेरी आली. हातातला चिमटा ठेवून तो उठायला लागला. चंपतराव काउंटरच्या पलीकडे तोंड वेडंवाकडं करून काहीतरी बोलत होते आणि हनुवटीनं समोर दाखवत होते. समोर त्यांचंच टाईमपीस होतं, जुनं, डोक्यावर दोन वाट्या असलेलं, आताच नवी कमान घालून चावी भरलेलं. दोन वाट्यांच्या मधला इवलासा हातोडा थरथरत होता. इतक्या जोरानं की त्याची कड दिसत नव्हती, धुरकट पट्टा तेवढा दिसत होता, आणि त्या थरथरीनं टाईमपीस काउंटरच्या काचेवरून मुंगीच्या चालीनं पुढं सरकत होतं. रुपराव त्याच्याकडे पाहत राहिला. पंख्याची पाती अशीच फिरताना दिसतात; पण पंख्याची निदान हवा लागते. मग त्याचा हात आपोआप मागच्या खटक्यावर गेला. हातोडा थांबला. चंपतरावांनी कानांवरचे हात काढले आणि ते हसले.

“बहिरा झाला का गा रुपराव? गल्ली गोळा व्हायची पाळी आली, अन् तू पाहून राह्यला नुसता.”

हे ओठांवरून नीट कळलं. “कितीक वेळ वाजते ते पाहत होतो,” रुपराव म्हणाला. “एका चावीत गजर पूरा वाजला पाह्यजे ना.”

“वाजला बापा, पूरा वाजला.” चंपतरावांनी टाईमपीस पिशवीत घातलं आणि ते गेले.

दुकान रिकामं झालं. दुकान म्हणजे जुन्या शुक्रवारीतल्या त्या गल्लीत घराचीच पुढची खोली. मधे पडदा, पडद्यामागं दोन खोल्या, त्यांच्यामागं फरशीचं अंगण. भिंतीवर दुरुस्तीला आलेली लंबकाची घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. रुपरावनं एकेकाकडं पाहिलं. लंबक हलत होते. लंबक हलताना दिसले की आवाज आपोआप ऐकू आल्यासारखा वाटतो, तेवढ्यावर आपण इतके दिवस काढले की काय, असं त्याला वाटलं. त्यानं खणातून एक मनगटी घड्याळ काढलं, चावी भरली, कानाला लावलं. काही नाही. दुसऱ्या कानाला लावलं. थंड धातू लागला फक्त, आणि मग तोही कानाच्या उबेनं गरम झाला. माणसांचे आवाज येत होते, नाही असं नाही. पण विहिरीच्या तळाशी कोणी बोलावं तसे, शब्दांच्या कडा झिजून गेलेले. बारीक आवाज कधी गेले? पाखरांचे कधी गेले? शेवटचा कुकर शिटी देताना कधी ऐकला? एखादी गोष्ट हरवली की ती शेवटी कुठं पाहिली ते माणूस आठवतो. आवाज शेवटचा म्हणून ऐकला जात नाही.

सीताबर्डीला एका जिन्याखालच्या दुकानात तो भैयाजींच्या हाताखाली शिकला. भैयाजींचा तळवा पानाच्या चुन्यानं खरखरीत झालेला असे. तो तळवा ते रुपरावच्या डोळ्यांवर ठेवत आणि दुसऱ्या हातानं एकेक घड्याळ त्याच्या कानाशी धरत. हे? याले तेल पाह्यजे. हे? याची बालकमानी चिकटून राह्यली, ती केसासारखी स्प्रिंग एका बाजूनं घासते. हे? हे लंगडते भैयाजी, टिक जवळ अन् टॉक दूर. भैयाजी तळवा डोळ्यांवरून काढून डोक्यावर ठेवत. त्या जिन्यावरून दिवसभर माणसं चढत-उतरत, बाहेर बर्डीचा सगळा गलका, आणि त्या गलक्याच्या आत, एखाद्या दाण्याच्या आत दुसरा दाणा असावा तसा, तो आवाज असायचा. पुढं आयुष्यभर लोक म्हणत, रुपराव घड्याळ उघडण्याआधीच रोग सांगतो. बायको वच्छला तर पाहुण्यांना सांगायची, “यायच्या कानाले मांजरीचं चालणं ऐकू येते, घरात काही लपून बोलायची सोय नाई.”

आता त्यानं पेचकसाचं टोक घड्याळाच्या पाठीला लावलं आणि पेचकसाची मूठ दातांत धरली. जबड्याच्या हाडातून बारीक ठोके आले. आवाज नव्हता तो, एक गुदगुली होती. पण चालत होतं घड्याळ. लंगडतही नव्हतं. तो बराच वेळ तसाच बसला, दातांत मूठ धरून. पडदा हलला. वच्छला चहा घेऊन उभी होती. त्यानं पेचकस पटकन खाली ठेवला.

सांगून टाकायला हवं होतं, तेव्हाच. ती चहाची कपबशी ठेवत होती तेव्हा. पण वच्छलाला सांगायचं म्हणजे मौद्याला लेकीला, कामिनीला कळणार, मागच्या घरच्या मायाला कळणार, मायाकडून नळावर, नळावरून गल्लीत. बहिऱ्या घड्याळजीकडं घड्याळ कोण देईल? एवढंच नव्हतं. सांगितलं की ते खरं झालं असतं. न सांगता ते अजून अर्धंमुर्धं होतं, सर्दीसारखं, सरेल म्हणून वाट पाहता येण्याजोगं. एकदा तो कोणाला न सांगता धंतोलीला कानाच्या डॉक्टरकडं जाऊनही आला. वऱ्हाडातनं, भंडाऱ्याकडनं आलेली माणसं पिशव्या पायाशी घेऊन बसली होती. तोही बसला. समोरची पोरगी टेबलाशी एकेक नाव पुकारायची आणि माणूस उठून आत जायचा. रुपराव तिच्या तोंडाकडं पाहत बसला. ती मान खाली घालून पुकारायची. त्याच्यानंतर आलेले जाऊन आले, त्यांच्याही नंतरचे जाऊन आले. शेवटी ती उठून पर्स खांद्याला लावताना त्याच्याकडं पाहून काहीतरी म्हणाली, बहुतेक हेच की कितीदा नाव घेतलं तुमचं. तो “हं” म्हणाला आणि घरी आला. पुन्हा गेला नाही.

हे “हं” त्याच्या चांगलं उपयोगी पडू लागलं. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं पाहायचं, बोलणं कुठं थांबतं त्याचा अंदाज घ्यायचा आणि तिथं “हं” म्हणून मान हलवायची. लोकांना त्याहून जास्त काही नको असतं, हे पाहून त्याला नवलच वाटलं. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं दिवसभर पाहून डोळे शिणायचे, पडद्यामागं गेलं की तो कोणाच्याच तोंडाकडं पाहत नसे. ताटाकडं पाही. आणि घरात एक शांतता आली होती, ती त्याला आवडू लागली होती. वच्छला पहिल्यासारखी बडबड करीत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. संध्याकाळी टीव्ही बंद असे. पहिल्यांदा वाटलं बिघडला; मग दिसलं की ती लावतच नाही. बहिणीकडं दर आठवड्याला जायची ती जाईनाशी झाली. ताटात पाटवडीचा रस्सा येऊ लागला, सणावाराला व्हायचा तो वडाभात साध्या दिवशी येऊ लागला. चहा घेऊन आली की ती लगेच जात नसे, त्याच्या पाठीमागं उभी राही. काउंटरच्या काचेत तिचा पदर दिसे. मग हळूच निघून जाई. तो मनात म्हणे, वय झालं की माणूस निवतो. तरुणपणी एवढी तोंडाळ बाई, आता कशी मऊ झाली. एकदा रात्रीच्या जेवणाच्या वेळी तो तिला म्हणालाही, “चांगला झाला रस्सा.” तिनं एकदम वर पाहिलं, डोळे भरून आले तिचे, ओठ हलले. त्याला वाटलं, कौतुकानं. तो “हं” म्हणाला आणि पुन्हा ताटाकडं वळला.

तिचे डोळे असे एकदा पूर्वीही भरले होते, पण त्याला तेव्हा ते आठवलं नाही. कामिनी शाळेत होती त्या वेळची गोष्ट. दिवाळीची साफसफाई चालली होती आणि वच्छलानं माळ्यावरचे चार बिस्किटांचे डबे भंगारवाल्याला देऊन टाकले. आत तिच्या दृष्टीनं लोखंडाचा चुरा होता. रुपरावनं मेलेल्या घड्याळांतून वर्षानुवर्षं काढून ठेवलेली चाकं होती ती, दांडे, बालकमान्या, आता जगात कुठं तयार होत नाहीत असे स्क्रू. भैयाजींनी मरताना दिलेली पुडीही त्यातच होती. तो भंगार बाजारात ढीग उकरत फिरला, बोटं कापून आला. घरी येऊन ओरडला नाही, काही आपटलं नाही. फक्त तिच्याशी बोलणं थांबवलं. दिवाळी तशीच गेली, थंडी गेली, होळी गेली. “कामे, आईले सांग, मी बाहेर चाललो.” “कामे, आईले विचार, पाणी तापलं का.” आई दोन हातांवर उभी असे आणि पोरगी मधे उभी राहून दोघांकडं पाही. वच्छलानं पहिल्यांदा माफी मागितली, मग भांडून पाहिलं, मग मागच्या अंगणात बसून रडून पाहिलं. त्याला ते सगळं ऐकू येत होतं. तेव्हा कान शाबूत होते. ऐकू येऊन न ऐकण्यात एक कठोर सुख असतं, ते त्यानं पुरेपूर घेतलं. शेवटी उन्हाळ्यात एका संध्याकाळी जेवताना त्याच्या तोंडून निघून गेलं, “मीठ कमी आहे.” वच्छला वाढता वाढता खाली बसली आणि पदरात तोंड घालून हमसून हमसून रडली. दोघंही त्यावर पुढं कधी बोलले नाहीत. रुपरावच्या लेखी ती गोष्ट संपली होती.

मे महिन्यातल्या त्या दुपारी तो सुखात होता. हे त्याला पुढं कधी कोणाला सांगता आलं नाही. रामदासपेठेतल्या एका बाईंचं लहानसं जुनं घड्याळ आलं होतं, नखाएवढं यंत्र, त्याची बालकमानी कोणीतरी आडदांडानं पिळून ठेवलेली. लाईट गेलेली होती. कूलर बंद, बनियन पाठीला चिकटलेलं, पण दारातून सरळ ऊन टेबलावर पडत होतं आणि डोळ्याला लावलेल्या भिंगात ती कमानी एखाद्या वाटेसारखी दिसत होती, आत आत जाणारी. तिचा एकेक वेढा चिमट्यानं सरळ करायचा. श्वास रोखायचा, हलवायचा, श्वास सोडायचा. अशा कामात कान लागत नाहीत. त्यात तो पूर्वीइतकाच, कदाचित पूर्वीपेक्षाही चांगला होता, आणि ते त्याला कळत होतं. कमानी जागेवर बसली, चक्र हललं, मागं आलं, पुन्हा गेलं, जिवंत झालं. त्यानं भिंग काढलं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की चहा आलेला नाही. ऊन टेबलावरून उतरून गेलं होतं.

तो पडदा सारून आत गेला. वच्छला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पडली होती, अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे. मागं अंगणापासून तिथपर्यंत फरशीवर ओला पट्टा उमटलेला. ती अंगणात पडली होती आणि तिथून एका हातावर ओढत ओढत इथवर आली होती, पडद्याच्या दिशेनं, त्याच्याकडं. बांगड्या फुटून मनगटाला रक्त लागलेलं. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे उघडे होते आणि पडद्याकडं लागलेले होते, म्हणजे आता त्याच्याकडं. त्यात त्याला पाहिल्याचा आनंद नव्हता, भीतीही नव्हती. दार कितीदा वाजवूनही न उघडलेल्या घराकडं माणूस जाताना जसा एकदा पाहतो, तशी ती पाहत होती.

धंतोलीच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर भराभर बोलत होता. रुपरावनं त्याच्या ओठांवर डोळे रोवले. डोक्यातली नस बंद झाली आहे, लकवा आहे, वेळेत आणलं तर इंजेक्शन देता येतं, म्हणून नीट आठवून सांगा.

“केव्हा पडल्या?”

“माहीत नाई.”

“बरं, शेवटचं नीट केव्हा बोलल्या तुमच्याशी?”

रुपराव त्याच्याकडं पाहत राहिला. डॉक्टरला वाटलं म्हातारा घाबरला. त्यानं प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश, मोठ्यानं. नीट कळला होता प्रश्न. सकाळी ती पोहे घेऊन आली होती. ओठ हलले होते का? काल? त्याला तिचा पदर आठवत होता, काचेतला. तिचं बोलणं आठवत नव्हतं. डॉक्टर थांबला नाही, आत निघून गेला. इंजेक्शनाची वेळ टळून गेल्याचं नंतर कळलं.

संध्याकाळपर्यंत मौद्याहून कामिनी आली. तिचा नवरा तिकडं वीज केंद्राच्या ठेकेदाराकडं नोकरीला होता. ती आल्या आल्या आईला काचेतून पाहून रडली, मग वडिलांच्या शेजारी बाकावर बसली आणि त्यांचा हात हातात घेतला. भेटायला येणारे सगळे एकच म्हणत होते आणि ते तोंडाच्या आकारावरूनच कळत होतं, इतकं ते सारखं होतं: कूलरच्या आवाजात ऐकू नाई आलं असंन. रुपराव मान हलवत होता. कूलर. हो, कूलर. तो स्वतःही त्या दुपारी कूलर लावू लागला होता. त्याची घरघर आठवू लागली होती.

मग मागच्या घरची माया आली. ती कामिनीला घेऊन खिडकीपाशी गेली. दोघी बोलत होत्या. मायानं कपाळावर हात मारला, पदर डोळ्यांना लावला. आणि मग कामिनीनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ती चालत आली, त्याच्यासमोर वाकली आणि तिनं काहीतरी विचारलं. मागून खिडकीचा उजेड येत होता, तोंड काळं दिसत होतं. प्रश्न आहे एवढं कळलं. बोलणं थांबलं त्या जागी रुपराव म्हणाला, “हं.” आणि मान हलवली.

कामिनीचा हात वर आला, तोंडावर गेला. ती मागं सरकली. त्या रात्री ती दुसऱ्या टोकाच्या बाकावर बसली. सकाळी तिनं डबा आणला, तो त्याच्या शेजारी ठेवला आणि काही न बोलता निघून गेली. दुपारी आली तेव्हाही तेच. तिचा नवरा येऊन गेला, तोही पाया न पडता. रुपराव डबा न उघडता बसून राहिला. पोरीच्या तोंडावर जे होतं ते त्याला ओळखीचं वाटत होतं आणि कुठलं ते लक्षात येत नव्हतं. मग लक्षात आलं. तो स्वतः असा दिसत असला पाहिजे, त्या वर्षी, त्या डब्यांनंतर. तो उठला, बाकांच्या रांगेतून तिच्यापर्यंत गेला.

“कामे,” तो म्हणाला, “काल तू काय विचारलं मले? मले ऐकू नाई आलं. मले ऐकूच येत नाई, बापा. दसऱ्याच्याही आधीपासून. मी कोणाले सांगतलं नाई.”

ती त्याच्याकडं पाहत राहिली. ओठ हलले. “काय?” तो म्हणाला. ती पुन्हा बोलली. “नाई येत,” तो म्हणाला, “कानाशी बोल.” तेव्हा तिला ते खरं वाटलं. तिचं सगळं तोंड विस्कटलं. ती त्याच्या कानाशी आली आणि ओरडून बोलू लागली, आणि त्या लांब व्हरांड्यातली सगळी माणसं, सलाईनची बाटली धरून बायकोमागं चालणारा माणूस, शेंगा सोलणाऱ्या बाया, सगळे वळून पाहू लागले.

“माया म्हणे, लाईट गेली होती कालच्याले! कूलर बंद होता! आई तुमाले हाका मारून राह्यली होती, मायाले तिच्या घरात ऐकू आल्या! तिले वाटलं तुमी आहात घरी, तुमी जासान! मी तुमाले विचारलं, तुमाले ऐकू आलं होतं का, ऐकूनही तुमी उठले नाई का? तुमी हो म्हणले बाबा! मान हलवली तुमी!”

“मले वाटलं…” रुपराव म्हणाला.

“अन् मले ते खरं वाटलं!” कामिनी ओरडत होती, रडत होती. “काहून का आई मले फोनवर सांगे, तुह्या बाबानं पुन्हा अबोला धरला म्हणे! काय चुकलं ते सांगत नाईत, विचारलं तं पाठ फिरवतात! रोज एकेक गोष्ट आठवे ती! टीव्हीचा राग आला असंन म्हणून टीव्ही बंद केला तिनं! मावशीकडे जाणं सोडलं! तुमच्या आवडीचं करू करू घाले! मी म्हटलं, समोर जाऊन बस, हात धरून विचार. तं म्हणे नाई, मागच्या टायमाले आपोआप बोलले होते, आताही बोलतीन, मी वाट पाह्यतो!”

व्हरांड्यात सगळीकडं हे ऐकू गेलं. रुपरावला अर्धं ऐकू आलं, अर्धं कळलं. पाटवडीचा रस्सा. वडाभात. काचेतला पदर. ते सगळं त्यानं मायेचं म्हणून खाल्लं होतं आणि ती एकेक ताट अर्जासारखं पुढं करत होती. रस्सा चांगला झाला म्हणाला त्या दिवशी तिला वाटलं असेल, सुटला अबोला. तिनं काहीतरी विचारलं असेल. आणि आपण “हं” म्हणून ताटाकडं वळलो. तो बाकावर बसला. शेंगा सोलणाऱ्या बाईनं डोळे वळवले आणि पुन्हा सोलू लागली.

वच्छला वाचली. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. काचेच्या आत जाऊ दिलं त्या दिवशी त्यानं तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं: मला ऐकू येत नव्हतं, अबोला नव्हता, तुझं काही चुकलं नव्हतं. ती छताकडं पाहत होती. तिच्यापर्यंत ते गेलं की नाही ते कळेना. घरी आणताना डॉक्टरनं सांगितलं, हळूहळू एखादा शब्द येईल, पण नीट बोलणं येणार नाही. कामिनीनं आईचा पलंग मधल्या खोलीत लावला, दुपारच्या कामाला एक बाई ठरवली, आणि वडिलांना रामदासपेठेत नेऊन कानाचं यंत्र बसवून आणलं. यंत्र घालून तो घरात शिरला तेव्हा सगळं घर पत्र्याचं झाल्यासारखं वाजत होतं. स्वतःची चप्पल, पडद्याच्या कड्या, भांड्यावर पडणारा नळ. पुढच्या खोलीत सगळी घड्याळं एकदम बोलत होती आणि त्यातलं एकही ओळखीचं वाटत नव्हतं. तो मधल्या खोलीत गेला. वच्छलानं त्याच्याकडं पाहिलं. तिचं वाकडं तोंड हललं, आणि कितीतरी महिन्यांनी त्यानं तिचा आवाज ऐकला. जाडसर, ओला, पण तिचाच.

“काहून,” ती म्हणाली. का, असं विचारावं तसं.

“कालपासून एवढंच म्हणते,” कामिनी म्हणाली. “पाणी पाह्यजे तरी काहून, कूस वळवाची तरी काहून. मी डॉक्टरले फोन केला होता. ते म्हणे असं होते, एकच शब्द राहून जाते, तोच येते तोंडात. त्याचा काही अर्थ नसते म्हणे, मनाले लावून घेऊ नका.”

कामिनी मौद्याला परत गेली. रुपरावनं दुकान उघडणं सोडलं. कोणी आलंच तर दारातून सांगायचा, बंद आहे. तो वच्छलाचं सगळं करायला शिकला. कूस वळवायला, चादर ओढून काढायला, केस विंचरायला. आणि ती म्हणायची, “काहून.” पहिल्या दिवशी त्यानं तिला पलंगाशी बसून पुन्हा सगळं सांगितलं. ती ऐकत होतीसं वाटलं. संपल्यावर म्हणाली, “काहून.” मग तो रोज सांगू लागला. सकाळी तोंड धुताना, “मले ऐकू येत नव्हतं वं.” “काहून.” “वयानं. नसा सुकते म्हणे.” “काहून.” “तुले सांगाची हिंमत नाई झाली. लाज वाटली मले.” “काहून.” यावर तो टॉवेल पिळायला वळे. कधी ती ते पाण्यासाठी म्हणायची, पेला तोंडाला लावला की गप्प व्हायची, तेव्हा त्याला हायसं वाटायचं. पण कधी पाणी पिऊन झालेलं, पाठ कोरडी, उशी सरळ, काही नको असायचं, आणि ती त्याच्या डोळ्यांत पाहून तेच म्हणायची, तक्रारीच्या सुरात नाही, रागानं नाही, एखाद्या पाहुण्यानं रस्ता विचारावा तसं. अर्थ नसते म्हणे. तो हे मनाशी घोकायचा. अर्थ नसते.

श्रावण लागायच्या सुमारास एका दुपारी तो तिला वरणभात कालवून भरवत होता. प्रत्येक घासाला ती म्हणत होती, “काहून.” घास घ्यायची, गिळायची, “काहून.” त्यानं दोनदा सांगितलं, “ऐकू येत नव्हतं.” तिसऱ्यांदा त्याचा आवाज चढला. चौथ्यांदा तो बोललाच नाही. त्यानं चमचा ताटलीत ठेवला, हात कानामागं नेला, यंत्र काढलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. खोली मऊ झाली. त्याचे खांदे खाली आले. समोर वच्छलाचं तोंड उघडलं, मिटलं, ओठांचा चंबू झाला. आता ते नुसतं हलणारं तोंड होतं. त्यानं घास पुढं केला.

ती घासाकडं पाहत नव्हती. त्याच्या खिशाकडं पाहत होती. मग तिची नजर वर त्याच्या रिकाम्या कानावर गेली आणि तिथून त्याच्या डोळ्यांवर आली. तिचं तोंड मिटलं. डावा हात, जो अजून तिच्या ताब्यात होता, सावकाश वर आला आणि त्यानं चमचा बाजूला सारला. वरण सांडलं. तिनं मान भिंतीकडं वळवली.

रुपरावनं चमचा ताटलीत ठेवला. तिला सगळं कळत होतं. पहिल्यापासून कळत होतं. तो सांगत होता ते प्रत्येक वाक्य तिला पोचलं होतं, आणि ती विचारत होती ते विचारतच होती. त्यानं घाईनं खिसा चाचपला. यंत्र बोटांतून सटकलं, पलंगाखाली गेलं. गुडघ्यावर बसून त्यानं ते काढलं, फुंकर मारली, कानात कोंबलं. कानात शिटी वाजली, मग बसली.

“वच्छला,” तो म्हणाला. “लावलं पाह्य म्या. बोल.”

तिचा खांदा हलला नाही.

“बोल वं. काहीही बोल. तेच बोल.”

तो पलंगाच्या कडेला बसला. मागच्या घरी माया कोणाला तरी ओरडत होती. गल्लीतून भाजीवाल्याची हाक आली आणि पुढं गेली. पंखा दर फेऱ्याला बारीक करकरत होता. तिचा श्वास चालला होता, नाकातून, सावकाश. झोपलेल्या माणसाचा नव्हता तो. ताटलीतल्या वरणावर साय धरू लागली. रुपराव पुढं वाकून, कान तिच्याकडं करून वाट पाहत राहिला. त्याला सगळं ऐकू येत होतं.